श्वास, अनुक्रमांक सात

माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत श्वास घेतो, याबद्दल कोणत्याही पंथात दुमत नाही. मात्र प्रवासात तो कुठं घ्यावा, किती आवाजात घ्यावा आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागते, याविषयी कोल्हापुरात परवापरवापर्यंत एकही लेखी नियम नव्हता. ही उणीव दूर करण्याचं श्रेय मंगळवार पेठेतल्या सहकुटुंब तीर्थयात्रा समितीला दिलंच पाहिजे. समितीत अकरा सदस्य आहेत. अकरांपैकी कुणीच दुसऱ्याचं ऐकून घेत नाही, त्यामुळे सगळे ठराव एकमतानं मंजूर होतात.

ज्यांच्यामुळे नियम करायची वेळ आली ते बापूसो मगदूम म्हणजे भला माणूस. वय त्रेसष्ट, पेठेत पाण्याच्या पंपांचं आणि मोटारींचं दुकान, गिऱ्हाईकाला आधी पाणी मग भाव. उभ्या आयुष्यात ते कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. तो सगळा आवाज ते झोपेसाठी राखून ठेवत. त्यांचं घोरणं पेठेत तीन घरं पलीकडं ऐकू जाई (वारं अनुकूल असेल तर चार). शेजारी नवीन भाडेकरू आला की तो पहिल्या आठवड्यात विचारी, 'इथं रात्रीचं बोअर मारायचं काम चाललंय काय?' आणि घरमालक तोंड भरून सांगे, 'न्हाई ओ, आमचं बापूसो झोपलंत.'

समिती दरवर्षी दक्षिणेकडं यात्रा नेते. चार मुक्काम, एक बस, धर्मशाळेत एक मोठा हॉल, मध्ये चादरींचा पडदा, अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. पहिल्याच यात्रेत बापूसो हॉलमध्ये झोपले आणि दुसऱ्या दिवशी छत्तीस यात्रेकरू भगवंतासमोर उभ्या उभ्या पेंगले. तेव्हापासून समितीच्या इतिवृत्तात दरवर्षी एक ओळ ठरलेली आहे: 'श्री. बापूसो मगदूम यांनी सामानाच्या खोलीत झोपून सामानाची राखण करावी, ही नम्र विनंती. सौ. अरुणा मगदूम सहायक राखणदार राहतील.' अकरा वर्षांत एक पिशवीसुद्धा चोरीला गेली नाही. आतून तसला आवाज येत असताना चोर त्या खोलीत पाऊल टाकेल कशाला?

बापूसोंनी कधी तक्रार केली नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना ते लागायचं. जेवणं उन्हं असतानाच उरकलेली, आरती झालेली, आणि हॉलमध्ये अंथरुणं टाकून सगळ्यांच्या गप्पा रंगायच्या. कुणाच्या शेताचं, कुणाच्या सासऱ्याचं, कुणाच्या मोडलेल्या सोयरिकीचं काय काय निघायचं आणि छत्तीस माणसं खो खो हसायची. भिंतीपलीकडं बॅगांच्या ढिगाऱ्यात पडून बापूसो ते हसणं ऐकायचे आणि अरुणाताईंना विचारायचे, "कशाला हसलं असतील गं?" आपणही एकदा चार माणसांत अंग टाकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाची ही काही फार मोठी मागणी नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर सूनबाई रुचिता त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेली. तिथं अंगाला वायरी लावून त्यांना झोपवलं. (कोल्हापुरात झोपण्याची परीक्षा देऊन पहिल्या फटक्यात पास झालेले ते पेठेतले पहिलेच.) निकाल असा लागला, की झोपेत बापूसोंचा श्वास तासाला सेहेचाळीस वेळा थांबतो. ऐकून सगळे गार पडले. फक्त अरुणाताई म्हणाल्या, "सेहेचाळीस व्हय? मी चाळिसाच्या पुढं मोजायचं सोडून देत हुतो."

मग घरी मशीन आलं. डब्याएवढं मशीन, त्याला लांब नळी, नळीला नाकातोंडावर बसवायचा मास्क आणि पोटात थोडं पाणी. बापूसोंनी ते पाच मिनिटांत समजून घेतलं आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायला सुरुवात केली. "सक्शनला हलका पाईप लावला की पाणी वडताना पाईप आतनं चिकटतोय का न्हाई? तसा माझा घसा चिकटतोय. हे मशीन आतनं हवा दाबून धरतंय. संपला विषय." डॉक्टरांना जे समजवायला पाऊण तास लागला ते बापूसो अर्ध्या मिनिटात सांगत आणि वर गिऱ्हाईकाला जाड पाईप विकत. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: एकही रात्र चुकवायची नाही.

पहिल्या रात्री मशीन लावलं आणि मगदुमांच्या घरात शांतता पसरली. शेजारचा भाडेकरू घाबरून चौकशीला आला. बापूसो सकाळी उठले ते शिट्टी वाजवत. अरुणाताई मात्र तशाच जाग्या. चौतीस वर्षं श्वास थांबला की नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारायची सवय. आता कोपर मारायला जागा राहिली नाही, तर त्या अंधारात बसून मशीनकडं बघत राहायच्या. मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. माणसाच्या श्वासाची जबाबदारी प्लगवर सोडायची म्हणजे काय?

डिसेंबरच्या यात्रेसाठी बापूसोंनी समितीकडं रीतसर अर्ज दिला: 'मी आता घोरत नाही. सबब मला हॉलमध्ये झोपू द्यावे. सोबत मशीन आणीन.' अर्जावर विचार करायला तीन सभा झाल्या. अध्यक्ष सातगोंडा चौगुले, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे कोणताही प्रश्न सुटण्याआधी तो फळ्यावर नीट मांडला गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांनी विचारलं, "तासाला सेहेचाळीस हे चांगलं का वाईट?" बसचे चालक गणपतराव चहा प्यायला आत आले होते, ते म्हणाले, "घाटात एवढं स्पीड बरं न्हवं." हे मत तज्ज्ञाचं म्हणून इतिवृत्तात घेण्यात आलं.

खरी चर्चा पाण्यावर अडली. बापूसोंचा जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नियम. आणि मशीन तर रात्रभर पाण्याची वाफ नाकात सोडणार. मग नियम मोडतो की राहतो? दोन सदस्य म्हणाले मोडतो, तीन म्हणाले राहतो, उरलेले म्हणाले आधी चहा होऊ दे. अखेर अनेकांत नावाचा चिटणीस, जो बँकेत ऑडिटला आहे, त्यानं तोडगा काढला: पाणी मशीन पितं, बापूसो पीत नाहीत, आणि मशीननं कोणताही नियम घेतल्याची नोंद नाही. ठराव एकमतानं मंजूर. फक्त पाणी दिवस मावळायच्या आत भरावं आणि ते गाळलेलं असावं, अशी अट पडली. मशीनला लागतं डिस्टिल्ड पाणी, सीलबंद बाटलीतलं. पण ते कारखान्यात कुणी गाळलंय कुणास ठाऊक, म्हणून अरुणाताईंनी बाटली फोडून चार पदरी फडक्यातून ते पुन्हा गाळलं. फडक्यात काहीच आलं नाही, पण सगळ्यांच्या मनाला बरं वाटलं. समितीच्या बहुतेक कामांतून एवढंच निघतं.

हॉलचा प्रश्न मात्र 'जागेवर पाहून' ठरवायचा, असं ठरलं.

बस पहाटे निघाली आणि कागलच्या पुढं निवडणुकीच्या तपासणी पथकानं हात केला. बापूसोंची काळी बॅग उघडली गेली. नळी, मास्क, पट्टे, पाण्याची बाटली. पथकप्रमुखांनी सगळं हायवेच्या कडेला टेबलावर मांडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पावणं, हे काय हाय?"

"झोपायचं मशीन हाय साहेब."

"झोपायला मशीन कशाला लागतंय? लावून दाखवा."

बापूसोंनी भर सकाळी, पुणे-बेंगळुरू महामार्गावर, ट्रकवाल्यांच्या साक्षीनं मास्क चढवला. "आता बोला," साहेब म्हणाले. मास्क घट्ट असल्यामुळे बापूसोंना बोलता येईना, आणि न बोलणारा माणूस संशयास्पद असतो, असा नियमच आहे. शेवटी अरुणाताई खिडकीतून ओरडल्या, "आवं घोरत्यात ते! लई घोरत्यात! सगळ्या बसला इचारा!" सगळ्या बसनं एका सुरात 'व्हय' म्हटलं. पथकाच्या फॉर्ममध्ये रोकड, मद्य, शस्त्रं, भेटवस्तू असे रकाने होते. मशीनची नोंद 'इतर'मध्ये झाली. मग साहेबांनी बापूसोंना जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कुठं मिळतंय हे? आमच्या मिसेस दोन वर्सं झाली पोरांच्या खोलीत झोपत्यात."

संध्याकाळी धर्मशाळेला पोचल्यावर समितीनं हॉलची पाहणी केली. हॉल ऐसपैस, पंखे चार, खिडक्या सहा आणि प्लग एक. अडतीस माणसं आणि एक प्लग म्हटल्यावर शिस्त हवी. अनेकांतनं जागेवरच यादी केली. एक, अध्यक्षांचा मोबाईल. दोन, अध्यक्षांचा दुसरा मोबाईल (हा कुणाचाच फोन येत नसलेला, पण जुना नंबर). तीन, चिटणिसांचा लॅपटॉप. चार, डास पळवायचं यंत्र (मारायचं नव्हे, याची खात्री करून घेण्यात आली). पाच, शालूबाईंची गुडघा शेकायची पिशवी. सहा, बॅटऱ्या. सात, श्वास, श्री. मगदूम. सातवा नंबर पहाटे साडेचारला लागत होता.

बापूसोंनी यादी दोनदा वाचली. बॅग उचलून निमूटपणे सामानाच्या खोलीकडं निघाले. तिथं प्लगच नव्हता, पण त्यांना जायची सवय होती. अरुणाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रडत रडतच त्यांनी बॅगेचा खालचा कप्पा उघडला आणि रुचितानं आठवणीनं घातलेला पंधरा फुटी एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर काढला. सहा सॉकेट, शिवाय यूएसबी.

मग आण्णा खाकरले. "बापूसो, आवं तिकडं कुठं निघालाय? तुमची जागा हितं, मधोमध. अरे, ह्यांचं अंथरूण घाला रे!" अशा रीतीनं, जो मान माणसाला श्वासावर मिळाला नाही, तो बोर्डावर मिळाला. त्यांच्या उशाशी सगळ्या समितीचे मोबाईल लागले. गप्पा रंगल्या. सोयरीक कशी मोडली ते बापूसोंनी पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं आणि पोट धरून हसले. त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण अकरा वर्षांचं हसू साठलेलं होतं.

निजायच्या वेळी अरुणाताईंनी पडद्याखालून एक सुतळी सरकवली. एक टोक बापूसोंच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं स्वतःच्या मनगटाला. "मशीन थांबलं तर मला कळाय पायजे," त्या म्हणाल्या. "कळलं की मी सुतळी वडनार. उठायचं." बापूसोंनी मान डोलावली, मास्क चढवला, आणि विमानातून उडी मारायला निघालेल्या माणसासारखे दिसत आडवे झाले.

त्यानंतर जे घडलं त्याची समितीला कल्पना नव्हती. हॉल शांत झाला. आणि त्या शांततेत, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, बाकीचे लोक ऐकू आले. सगळ्यात आधी अध्यक्ष. आण्णांचं घोरणं वर्गावर ओरडल्यासारखं, मध्ये थांबून पुन्हा 'मागच्या बाकावर कोण रे' असं चढणारं. मग खजिनदार, शिट्टीचा प्रकार. मग यात्रेतले दोघे सख्खे भाऊ, आळीपाळीनं, वाटणी झाल्यासारखे. अनेकांतला झोप येईना. ऑडिटचा माणूस, त्यानं वही काढली. मोजणी अशी: सलग घोरणारे सहा, अधूनमधून घोरणारे चार, घोरत असताना 'मी जागा आहे' म्हणणारे तीन. एकूण तेरा. आणि मग पडद्यापलीकडून एक चौदावा आवाज आला, असा दणदणीत, की खजिनदारांची शिट्टीसुद्धा अदबीनं थांबली.

बापूसो त्या आवाजानं जागे झाले. क्षणभर त्यांना वाटलं आपणच घोरतोय. मग त्यांनी अंगठ्याची सुतळी पाहिली. ती त्या आवाजाच्या तालावर हलत होती.

चौतीस वर्षांच्या संसारात बायकोचं घोरणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? ती झोपलीच नव्हती. बिचारी, चौतीस वर्षं! त्यांनी हळूच वाकून अंगठ्याची गाठ सोडली, आपण कूस बदलली तरी तिकडं ओढ बसू नये म्हणून. आणि मास्कच्या आत हसत, त्या दणदणाटात सकाळपर्यंत गाढ झोपले.

सकाळी उप्पीट खाताना समितीची तातडीची सभा झाली. सगळ्यांचे डोळे तारवटलेले. अनेकांतनं अहवाल वाचला, नावं न घेता. आण्णांनी फळा नसल्यामुळे तर्क हवेतच मांडला. गेल्या अकरा यात्रांत घोरणारी व्यक्ती एकच असल्याची लेखी नोंद आहे. काल मशीन आलं आणि संख्या चौदा झाली. पंधरावे बापूसो, ते तर गप्प. म्हणजे मशीनमुळे एका माणसाचं घोरणं बंद पडलं आणि चौदा जणांचं सुरू झालं. यात्रेकरूंच्या हिताचा विचार करता हे परवडणारं नाही. ठराव: श्री. मगदूम यांनी उरलेले तीन मुक्काम मशीन बंद ठेवून पूर्वीप्रमाणे घोरावे. त्याबद्दल खास बाब म्हणून त्यांना हॉलमधली मधली जागा कायम करण्यात येत आहे.

आणि बापूसो काय म्हणाले असतील? ते विचारात पडले! आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना 'घोरा' म्हणून विनवत होते. भल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, तिथंच तो मरतो. "तीनच रात्री हायत की," ते पुटपुटले.

तेव्हा अरुणाताई उठल्या. हातातली ताटली त्यांनी खाली ठेवली. "बंद करूया की मशीन. काय हरकत न्हाय. फकस्त ह्येंचा श्वास थांबतोय तासाला सेहेचाळीस वेळा, तर दर वेळेला हलवून उठवाय कोन बसनार, ते ठरवा. मी चौतीस वर्सं बसलोय, आता माझ्यानं हुनार न्हाय. अनेकांत, काढ वही. दोन दोन तासाच्या पाळ्या लाव. आण्णा, तुमचं नाव पैलं लिवू का?"

अनेकांतनं वही काढली, पाळ्यांचा तक्ता आखला, पेन उघडलं आणि सदस्यांकडं पाहिलं. एकाला बसमध्ये काहीतरी विसरल्याचं आठवलं. दुसऱ्यानं उप्पीट छान झालंय म्हणून सांगितलं. आण्णांना तर एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणताही मुद्दा मांडावासा वाटला नाही. तक्ता कोराच राहिला.

ठराव दुरुस्त झाला. मशीन चालू राहील. मात्र समितीच्या अब्रूखातर दप्तरी घोरणारे म्हणून पूर्वीप्रमाणे बापूसोंचंच नाव राहील. "लिवा की," बापूसो लगेच म्हणाले. "पैल्यापास्नं माझंच हाय."

"आणि ते चौदावं कोन हुतं हो?" अरुणाताईंनी कुतूहलानं विचारलं. "बायकांतलं म्हनं. शालूबाई असनार."

"मला काय ठावं?" बापूसो म्हणाले. "मशीन लावलं की काय ऐकू येत न्हाय मला." (खरं बोलण्याचा नियम त्यांनी घेतला होता का, याची समितीकडं नोंद नाही.)

पुढच्या वर्षीपासून गोंधळ नको म्हणून समितीनं एक फॉर्म छापला आहे: 'मी झोपेत घोरत नाही.' खाली सही, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून शेजारी झोपणाऱ्याची सही. फॉर्म अडतीसच्या अडतीस जणांनी भरून दिले. आण्णांनी तर दोन प्रतींत. साक्षीदाराची जागा मात्र एकाच फॉर्मवर भरलेली आहे. तो फॉर्म सौ. अरुणा मगदूम यांचा, आणि खाली बापूसोंची ठसठशीत सही. बाकी सदतीस जागा कोऱ्या आहेत.

हा मजकूर वाचता वाचता तोच फॉर्म तुम्हीही मनातल्या मनात भरून टाकलाय, हे समितीला ठाऊक आहे. तुमची सहीही तिला मान्य आहे. साक्षीदाराची तेवढी आज घरी मागून बघा. आणि जे माणूस लगेच 'छे छे, तुम्ही कुठं घोरता' म्हणून सही करून देईल, ते रात्रीचं झोपतं का, एवढं विचारा.